मदत हवी आहे : फाउंड्रीतील प्रतिटन वीजवापर कमी कसा करावा?

भट्टीवाला
शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची ग्रे आयर्नची फाउंड्री (ओतीव लोखंडाचे भाग, म्हणजे कास्टिंग, बनवणारा कारखाना) असून प्रतिटन वीजवापर 1400 युनिटांवर गेला आहे. परदेशी ग्राहकाने दर किलो कास्टिंगमागील कार्बन उत्सर्जनाचा आकडा महिनाअखेरपर्यंत मागितला आहे आणि तो पुढील वर्षी घटवून दाखवण्याची अटही घातली आहे. नव्या भट्टीसाठी भांडवल नाही. कमी खर्चात वापर कोठे घटेल, ते नेमके सांगावे. एलईडी दिव्यांचा सल्ला ऐकून झाला आहे.

ओतारी
1400 हा आकडा कोणत्या टनाचा आहे, वितळवलेल्या धातूच्या की गाडीत चढलेल्या कास्टिंगच्या? भट्टीला स्वतंत्र मीटर आहे का? लोखंड 1500 अंशांपर्यंत नेण्यास सिद्धान्ततः टनाला सुमारे 400 युनिटे पुरतात आणि बऱ्या स्थितीतील इंडक्शन भट्टीला 550 ते 600 लागतात, त्यामुळे हे समजल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होय.

सौरमित्र
छतावर 100 किलोवॉटचा सौर प्रकल्प बसवावा, ग्राहकही खूश होईल आणि बिलही उतरेल.

ओतारी
100 किलोवॉटमधून दिवसाला साधारण 400 युनिटे मिळतात, म्हणजे एक टन धातूही वितळणार नाही. सौर विजेने कार्बनचा आकडा थोडा उतरेल हे मान्य, पण प्रतिटन वापर आहे तेथेच राहील आणि प्रश्न त्याचा आहे.

जुना फिटर
माझ्या अनुभवानुसार पैसा हवेत जातो. कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीला 7 बार दाबाला पडलेले 3 मिलिमीटरचे एक छिद्र जवळजवळ 3 किलोवॉट खाते, आणि दाब 1 बारने उतरवला तर कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते. रविवारी कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर चालू करून तो किती वेळ लोड घेतो ते पाहावे. शिवाय वितळण रात्रपाळीत न्यावे.

ओतारी
गळतीचा मुद्दा बरोबर आहे. मात्र रात्री वितळवून युनिटे कमी होत नाहीत, फार तर दर बदलतो, आणि तासवार सवलतीही आता पूर्वीसारख्या नसल्याने चालू दरपत्रक पाहिल्याशिवाय पाळ्या हलवू नयेत.

भट्टीवाला
बिलातील युनिटांना रवाना झालेल्या मालाने भागले आहे, दुसरे कशाने भागणार? भट्टीच्या मीटरप्रमाणे वितळलेल्या टनाला 640 युनिटे पडतात. रनर, रायझर (साच्यात धातू पुरवणाऱ्या वाटांत गोठलेला धातू) आणि रिजेक्शन (सदोष माल) वजा जाता 100 किलो धातूतून 58 किलो माल निघतो.

ओतारी
मग उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. 640 ला 0.58 ने भागल्यास 1100 च्या वर युनिटे होतात, म्हणजे चांगल्या मालाच्या टनामागील वापराचा मोठा भाग असा धातू वितळवण्यात जातो जो पुन्हा भट्टीतच परततो. रायझरची रचना सुधारून आणि रिजेक्शन घटवून 58 चे 63 केले, तर भट्टीला हात न लावता टनामागे 85 युनिटांहून अधिक वाचतील. पॅटर्नमधील बदलाला खर्च येतो, पण तो भट्टीच्या तुलनेत किरकोळ असतो.

जुना फिटर
640 हाही आकडा जास्तच आहे. आयजीबीटी पॅनेल (भट्टीला वीज देणारा नव्या पद्धतीचा संच) घेतल्याशिवाय तो उतरणार नाही.

मीटरवाचक
पॅनेलआधी प्रत्येक हीटची (भट्टीतील एका वितळणीची) वेळ लिहावी. बॉक्स (साचे) तयार नाहीत म्हणून तापलेला धातू थांबून राहत असेल, तर कोणतेही पॅनेल ती उष्णता परत देणार नाही. उघड्या पृष्ठभागावरून किरणोत्सर्जनाने होणारा ऱ्हास निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे झाकण आणि गरजेपुरतेच टॅपिंग तापमान (भट्टीतून धातू काढतानाचे) हे दोन्ही महत्त्वाचे ठरतात.

दुसरे असे की, महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर येते, केडब्ल्यूएचवर म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेवर नाही; केडब्ल्यूएचला केव्हीएएचने भागले की पॉवर फॅक्टर मिळतो. तुम्ही तोच आकडा घेतला असेल तर पॉवर फॅक्टर जितका कमी तितका तो फुगलेला असणार. ग्राहकाला देताना केडब्ल्यूएच घ्यावे आणि त्यास केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ताज्या उत्सर्जन गुणांकाने गुणावे. तो युनिटामागे सुमारे 0.7 किलो धरला तर किलोभर कास्टिंगमागे साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड येतो, आणि त्यात डिझेल व कच्चा माल अजून धरलेला नाही.

भट्टीवाला
आकडा केव्हीएएचचाच निघाला. झाकण आहे, पण चार्जिंगला अडचण होते म्हणून ते बाजूला ठेवलेले असते. हीटच्या वेळा लिहिण्यास उद्यापासून सांगतो.

ओतारी
हीट तयार झाल्याची वेळ आणि शेवटचा लेडल (वितळलेला धातू साच्यांपर्यंत नेणारे पात्र) भरल्याची वेळ वेगवेगळ्या लिहा. दोन्हींतील अंतर आठवडाभराचे येथे टाकल्यास मोल्डिंग (साचे बनवण्याची) लाइन अडते आहे की लेडल थंड पडतो आहे, हे सांगता येईल.