[मदत हवी आहे] 'करस्पॉन्डन्स'ला मराठीत काय म्हणायचं? सहाच्या आत हवंय

घाईची_गाडी
मंडळी, करस्पॉन्डन्सला नेमका मराठी शब्द सांगा. 'पत्रव्यवहार' मला माहीत आहे, तो चालत नाही, कृपया तोच सांगू नका. सहा वाजता फाईल पाठवायची आहे.

आवक_जावक
पत्रव्यवहारच. न चालायला काय झालं? एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यातली नऊ बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक नोंदीत. नस्तीला, म्हणजे फाईलला, दोन बाजू असतात, टिपणीची आणि पत्रव्यवहाराची. 'पृ. १२/प.वि.' लिहिलं की साहेबांना कळतं, पत्रव्यवहाराचं बारावं पान काढायचं. प.वि. म्हणजे पत्रव्यवहार विभाग. दुसरा शब्द शोधायची गरजच काय?

घाईची_गाडी
काका, दुसरं वाक्य वाचा ना. यात पत्र नाहीच कुठे.

निम्मा_पगार
मग आहे काय? अख्खं वाक्य टाका. करस्पॉन्डन्स ॲड्रेस असेल तर 'पत्रव्यवहाराचा पत्ता', हे कुठल्याही छापील अर्जावर सापडेल. बातमीदार असेल तर 'वार्ताहर' किंवा 'प्रतिनिधी'. गोलगोल विचारलं की गोलगोलच उत्तरं येणार.

सांजवात
कोर्सबद्दल विचारताय का? आमच्या वेळी 'टपालाने बी.कॉम. केलं' म्हणायचे. पोस्टमन पाकीट आणायचा, त्यात सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स, त्याही निम्म्या पुसट. एक सांगते, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चं. मुक्त आणि टपाली या वेगळ्या गोष्टी आहेत, लोक सर्रास घोळ करतात. नोकरीला पदवी चालते का असं विचारत असाल तर जाहिरात नीट वाचा.

घाईची_गाडी
नाही हो ताई, पदवी नाही, पत्ता नाही. तक्ता आहे.

संगत_कोन
तक्ता म्हणजे गणित! मग 'संगती'. नववी-दहावीच्या भूमितीत रोज शिकवतो. समांतर रेषांना छेदिका छेदते तेव्हा संगत कोन होतात. दोन त्रिकोण एकरूप म्हणताना शिरोबिंदूंची एकास एक संगती आधी लिहायची, अ ला प, ब ला फ, क ला भ. क्रम चुकवला की मी मार्क कापतो. 'संगती तक्ता' लिहा आणि मोकळे व्हा.

घाईची_गाडी
सर, मी तेच लिहिलं होतं!! तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईने खोडून 'पत्रव्यवहार तक्ता' केलं, समासात लिहिलं 'संगती म्हणजे संगत, सोबत'. खाली पहिल्याच ओळीत डावीकडे ४२०, उजवीकडे ३१८(४). आता ४२० नंबरचं कलम ३१८ला पत्र लिहितंय का?

काळा_कोट
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये नको का सांगायला! गुन्हे आणि शिक्षांचा जुना कायदा दंड संहिता, नवा न्याय संहिता, त्या दोन्हींचा तक्ता आहे हा. १ जुलै २०२४पासून नवी लागू झाली, जुनीची ५११ कलमं, नवीची ३५८. आम्ही रोज असा तक्ता उघडून बसतो. ३०२ला १०३, ३०७ला १०९. मराठीत सरळ 'तुलनात्मक तक्ता' म्हणा.

संगत_कोन
तुलना वेगळी. तुलनेत फरक दाखवतात. इथे कशाच्या जागी काय, एवढंच आहे. शब्द संगतीच. तीही एकास एक.

काळा_कोट
एकास एक? सर, खडू खाली ठेवा. जुनी ३७८ आणि ३७९, म्हणजे चोरीची व्याख्या आणि शिक्षा, दोन्ही नव्या ३०३मध्ये गेली. फसवणुकीची ४१५, ४१७, ४१८, ४२० चारही ३१८च्या चार पोटकलमांत. आणि ३७७समोर काय लिहाल? काहीच नाही, ती तरतूद नव्या संहितेत नाही.

संगत_कोन
अनेकास एक संगती असतेच की. ३७७चं म्हणाल तर घर रिकामं. संगती शब्दाला त्याने काही होत नाही.

भा_दं_वि
'समकक्ष कलमे' लिहा. आणि वकीलसाहेब, जुनीला लोक भादंवि म्हणायचे, म्हणजे भारतीय दंड 'विधान'. तुम्ही संहिता म्हणताय म्हणून विचारतो.

काळा_कोट
कायद्याचं मराठी नाव भारतीय दंड संहिता. विधान बोलण्यातलं, पोलीस आणि पेपर अजून लिहितात. आणि समकक्ष पदव्या असतात, हुद्दे असतात. कलमांना कसली कक्षा?

निम्मा_पगार
'तत्सम तरतूद' असं कायद्याच्या मराठीत वाचलंय.

सांजवात
तत्सम म्हटलं की मला तत्सम-तद्भव आठवतं, शाळेतली छडी. 'जुळणी' घ्या ना. पण ते लग्नाचं वाटेल, छत्तीस गुण वगैरे.

आवक_जावक
पत्रव्यवहार या शब्दाला सगळे हसताय म्हणून लिहितो. पानिपतानंतर, १७६१च्या जानेवारीत, नानासाहेब पेशव्यांकडे खबर पोचली ती सावकारी भाषेतल्या पत्राने. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे शिपाई. याला म्हणतात पत्र. आता कोणी 'सा. न. वि. वि.' तरी लिहितं का?

संगत_कोन
काका, तुम्ही माझंच काम केलंत! मोती-विश्वासराव, मोहरा-सरदार. पत्रव्यवहाराच्या आत संगती!

आवक_जावक
मी तुमचं काम करायला लिहिलं नव्हतं.

घाईची_गाडी
पाच चाळीस झालेत. भांडणं नंतर.

निम्मा_पगार
तक्ता वाचणार कोण?

घाईची_गाडी
ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काचेखाली ठेवायचा आहे.

काळा_कोट
हेही आता सांगताय! मग कोशातला कुठलाच शब्द नको. रात्री दोनला फिर्याद लिहून घेणारा हवालदार संगतीचा अर्थ शोधत बसणार नाही. 'जुने कलम – त्या जागी नवे कलम' एवढंच लिहा. ३७७समोर 'तरतूद नाही'. रेघ मारून सोडू नका, छापायचं राहिलं असं वाटतं. आणि ३१८चं पोटकलम कंसात स्पष्ट येऊ द्या, नुसतं ३१८ गेलं तर शिक्षाच बदलते.

संगत_कोन
निदान तळटीपेत तरी 'संगत कलम' लिहा.

घाईची_गाडी
तळटीप नाही सर, काचेखाली जागा नाही. 'जुने कलम – त्या जागी नवे कलम' टाकलं आणि पाठवलं, पाच एकावन्न. बाईंना वेगळं कळवते. सगळ्यांचे आभार, काकांचेसुद्धा.

आवक_जावक
पोच घेतलीत का?