सप्ताहात ताप असलेल्याने वीणा घ्यावी का?

माळकरी: श्रावणात आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतोय. फ्लूचा जोर आपल्याकडे पावसाळ्यात असतो आणि नेमका तेव्हाच सात दिवस मंडप भरलेला. माझं म्हणणं, ताप-खोकला असलेल्याने पहाऱ्याला, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन उभं राहायच्या पाळीला, उभं राहूच नये. वीणा खाली ठेवत नाहीत, म्हणून प्रत्येक पहाऱ्याला बदली माणूस आधीच नेमावा. आजारी माणूस येतो तो हौसेने नाही, पहारा चुकला तर गाव काय म्हणेल या धाकाने. तो धाक मंडळानेच काढला पाहिजे.

टाळकरी: अजिबात पटलं नाही. आमच्या घराकडे वडिलांपासून पहाटेचा पहारा आहे. नेम म्हणजे नेम, अंग दुखतंय म्हणून तो मोडायचा नसतो. एसटीत, आठवडे बाजारात, लग्नात लोक खोकतातच की. तिथे कोणी बदली नेमतं का?

माळकरी: एसटीतून माणूस तासाभरात उतरतो. इथे तीच माणसं सात दिवस रोज सकाळ-संध्याकाळ एकत्र बसतात, त्यात निम्मी साठीच्या पुढची. आणि नेमाचंच म्हणाल, तर 2020 आणि 2021 साली पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारीचा नेम मोडला असं कोणी म्हटलं नाही.

टाळकरी: ती कोरोनाची वेळ होती, सरकारचा हुकूम होता. दरवर्षीच्या सर्दी-तापाला तोच न्याय लावला तर एकही सप्ताह धड पार पडायचा नाही.

सिस्टरताई: फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आठवत असेल. पण तुम्ही दोघंही वीणेपाशीच अडलात. फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकेतून आणि मोठ्याने गाताना उडणाऱ्या तुषारांतून पसरतो. पाऊस आत येऊ नये म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्री सोडलेली आणि आत टाळकरी खांद्याला खांदा लावून तास-दोन तास गातायत, खरी लागण तिथे होते. सर ओसरली की ताडपत्र्या गुंडाळून वर बांधा. शिवाय लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, म्हणजे नुसतं तापकऱ्याला घरी बसवून भागत नाही. वयस्कर, गरोदर, मधुमेही, दमेकरी यांनी डॉक्टरांना विचारून सप्ताहाच्या किमान दोन आठवडे आधी लस घ्यावी. अंगात प्रतिकार तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. काला कालवणाऱ्याने साबणाने हात धुवावेत, हे तर फ्लू नसला तरी.

पंढरीची लेक: पहाऱ्यावर एवढी चर्चा, पण पंगतीच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचं कोणी नावच काढत नाही. कणकण असली तरी आमच्या काकू चुलीपुढून उठत नाहीत, कारण त्यांच्या जागी बसायला कोणी नसतं. बदली नेमायची तर आधी तिथे नेमा. आणि म्हाताऱ्यांना घरी ठेवायची भाषा कृपया नको. आजीसाठी सप्ताह म्हणजे वर्षभराच्या भेटीगाठी. तिला मंडपाच्या उघड्या बाजूला, हवेशीर जागी खुर्ची द्या.

टाळकरी: चुलीवरच्या बदलीचं शंभर टक्के मान्य, उद्याच्या बैठकीत मीच मांडतो. पहारा मात्र सोडणार नाही. ताप असला तर तोंडाला उपरणं बांधून उभा राहीन.

माळकरी: उपरणं सैल असतं, बाजूने श्वास सुटतोच. वीणा देताना दोघं एकमेकांच्या पाया पडता, तेव्हा तोंडं वीतभर अंतरावर येतात. ताप असेल त्या पहाटे तुमच्या मुलाला उभं करा. पहारा घरातच राहील.

टाळकरी: मुलाला विचारून सांगतो.