मदत हवी आहे: ३९० ड्यूक की स्पीड ४००? मागे बायको बसणार, तिला कंबरेचं दुखणं आहे

मोशीकर

नमस्कार मंडळी,

अकरा वर्षं पल्सर १५० चालवली. ब्याऐंशी हजार किलोमीटर झाले, इंजिन एकदा उघडलं, आता पुन्हा धूर सुरू झालाय. गुढीपाडव्याला नवी गाडी दारात आणायचं ठरवलंय. शोधाशोध करून केटीएम ३९० ड्यूक आणि ट्रायम्फ स्पीड ४०० या दोघींवर येऊन अडकलोय. दोन्ही चालवून पाहिल्या, आकडे पाठ झाले, तरी निर्णय होत नाही.

आधी वापर सांगतो. राहायला मोशीत, नोकरी चाकण एमआयडीसीत. रोजचं अंतर जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, पण तळेगाव चौकात अडकलो की पाऊण तास हाफ क्लचवर. महिन्यातून दोनदा वाईजवळच्या गावी जातो, एका बाजूने शंभर-एकशेदहा किलोमीटर. तेव्हा बायको मागे असते आणि एक सॅक. कात्रज, खंबाटकी, आणि गावाकडचा शेवटचा सात किलोमीटरचा रस्ता, ज्याला रस्ता म्हणायचं कारण तिथून एसटी जाते एवढंच.

खरा प्रश्न बायकोच्या कंबरेचा आहे. तीन वर्षांपूर्वी तिला मणक्याचा त्रास झाला, चार महिने झोपून होती. आता बरी आहे. डॉक्टर म्हणाले, गाडीवर बसायला हरकत नाही, पण गचके टाळा. पल्सरवर ती बसते. खड्डा दिसला की मी हात मागे नेऊन तिच्या गुडघ्यावर थोपटतो, ती पायांवर जोर देऊन थोडी उचलून घेते. अशी आमची सवय झालीय. तिला घरी ठेवून गावी जायचं नाही, आणि गाडी घ्यायची तर दोघांची.

ड्यूकबद्दल माझं मत: गाडी अप्रतिम आहे. ३९९ सीसी, ४६ पीएस (ताकद), ३९ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढ), वजन १६८ किलो. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलतो), वळणावरही काम करणारं एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू देत नाही), पुढचं-मागचं सस्पेन्शन क्लिक मोजून सेट करता येतं, टाकी १५ लिटरची. माझी उंची पाच फूट चार इंच. ८०० मिमी सीट ऐकून घाबरलो होतो, पण गाडी मांड्यांमध्ये अरुंद असल्यामुळे दोन्ही चवडे टेकले. मागची सीट मात्र वेगळी, उंच आणि छोटी.

स्पीड ४००: ३९८ सीसी, ४० पीएस, ३७.५ न्यूटन-मीटर, टाकी १३ लिटर. २०२३ च्या जुलैत आली तेव्हा वजन १७६ किलो आणि सीट ७९० मिमी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये टायरची साइडवॉल जाड केली, लिव्हर अ‍ॅडजस्ट होणारे दिले. सीट एकसलग, मागची जागा रुंद. सर्व्हिसिंग १६,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. दिसायला मला हीच जास्त आवडते, पल्सरवाल्याला गोल हेडलाइटचं अप्रूप असतंच.

ऑन-रोड फरक पन्नास-साठ हजारांचा पडतोय. हप्ता बसतो दोन्हींचा, पण तेवढ्यात दोन चांगली हेल्मेटं, जॅकेटं आणि पहिल्या वर्षाचं पेट्रोल निघतं.

दोन्ही गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यांत बनतात, म्हणजे माझ्या कंपनीपासून हाकेच्या अंतरावर. तरी मला त्यांच्यावर बायकोला बसवून पाहता आलेलं नाही. एका शोरूममध्ये टेस्ट राइड दोन किलोमीटरची, तीही एकट्याने. मागे कुणाला बसवू का विचारलं तर विम्याचं कारण सांगून नाही म्हणाले.

ज्यांनी यांपैकी कोणतीही गाडी डबलसीट लांब चालवली आहे त्यांनी कृपया लिहा. त्याहून चांगलं म्हणजे मागे बसलेल्यांनी लिहा.

रानवाट

दादा, ३५० च्या आतलं पाहिलंत का? २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि वरच्यांवर ४०. रॉयल एनफील्डच्या हंटर ३५० मध्ये तुमचे बरेच पैसे वाचतील.

मोशीकर

पाहिली, चालवलीही. शहरात गोड गाडी आहे. पण खंबाटकी चढताना डबलसीट आणि सामान घेऊन ट्रकला ओव्हरटेक करायचा म्हणजे मला हाताशी जास्त ताकद हवी. पल्सरवर तेच करताना दर वेळी पोटात गोळा येतो. म्हणून चारशे.

तेलकट_हात

मी गाड्या दुरुस्त करतो, भोसरीत गॅरेज आहे. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, इंजिनाची. तुम्ही ४६ आणि ४० पीएस लिहिलंत, ते बरोबर आहे. पण ड्यूकची ताकद ८५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पूर्ण मिळते, स्पीडची ८००० ला. टॉर्क मात्र दोघींचा ६५०० लाच, आणि त्यात फरक फक्त दीड न्यूटन-मीटरचा. म्हणजे ड्यूकचे जादा सहा घोडे राहतात वरच्या मजल्यावर. तळेगाव चौकात तुम्ही तिथे जाणार नाही, आणि बायको मागे असताना घाटातही जाणार नाही. एकटे जाणार असाल, रिकामा रस्ता असेल, तर फरक कळेल आणि भरपूर कळेल. ड्यूक हलकी आहे, तोंड पटकन वळवते.

दुसरी, गचक्यांची. ही नीट वाचा, कारण लोक गाडी बदलतात पण हे करत नाहीत. मागचा शॉकअप कारखान्यातून येतो तो साधारण एकट्या माणसाच्या वजनावर सेट केलेला असतो. तुम्ही दोघं आणि सॅक धरून एकशेतीस-चाळीस किलो झाले की स्प्रिंग आधीच खाली बसते. मग खड्डा आला की तिला दबायला जागाच उरत नाही आणि शॉकअप शेवटाला जाऊन ठोकतो. मणक्याला जो दणका बसतो तो हा. लोक म्हणतात सस्पेन्शन कडक आहे, खरं तर ते खाली बसलेलं असतं. उपाय म्हणजे प्रीलोड वाढवायचा, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी आवळून ठेवायची. दोन्ही गाड्यांना मागे प्रीलोड आहे, ड्यूकला दहा पायऱ्या आहेत आणि रिबाउंडही (दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत वर येते ते) फिरवता येतो. गावी निघायच्या आधी वाढवा, परत आलात की कमी करा. पाच मिनिटांचं काम.

आणि टायरमधली हवा डबलसीटसाठी वेगळी असते, स्टिकरवर लिहिलेली असते. ती सोडून अंदाजाने भरू नका.

दोन_चाकं

माझ्याकडे जुनी ३७३ सीसीची ड्यूक सहा वर्षं होती, नवी मित्राची चालवतो. जुनीच्या मानाने नवी खालच्या गिअरला खूपच शहाणी झाली आहे, ट्रॅफिकमध्ये ठोकत नाही. मी एकटा फिरतो, त्यामुळे मला विचाराल तर डोळे मिटून ड्यूक. पुढचा ३२० मिमीचा डिस्क, क्लिक फिरवता येणारा फोर्क (पुढचे शॉकअप), क्विकशिफ्टर... घाटात एकदा वर-खाली गिअर टाकून बघा, परत क्लच दाबावासा वाटणार नाही. पण तुमची गरज वाचल्यावर मी आग्रह करणार नाही. मागच्या सीटवर माझी बहीण एकदा लोणावळ्यापर्यंत बसली, परत येताना लोकलने आली.

मागच्या_सीटवरून

दादा, तुम्ही मागे बसणाऱ्यांना विचारलंत म्हणून लिहिते. आमच्याकडे स्पीड ४०० आहे, नवरा चालवतो, मी दीड वर्ष मागे बसतेय. मलाही कंबरेचं आहे, तुमच्या मिसेसइतकं नाही.

सीटच्या मऊपणाकडे पाहून ठरवू नका. तीन गोष्टी बघा. गुडघे किती दुमडतात, ब्रेक लागला की तुम्ही पुढे घसरता का, आणि हात कुठे जातो. उंच सीटवर पाय वर येतात, कमरेचा बाक जातो, पाठ गोल होते. अशा पाठीवर छोटा गचकाही जाणवतो. स्पीडवर माझी पाठ सरळ राहते आणि मी नवऱ्याच्या मागे बसते, त्याच्या डोक्यावर नाही. पण सीट काही सोफा नाही. साठ-सत्तर किलोमीटरनंतर मी थांबायला लावतेच. तुम्हीही खेड-शिवापूरला एक आणि खंबाटकीच्या आधी एक असे दोन थांबे धरा.

साडी नेसून बसणार असतील तर साडी गार्ड काढू नका. शोभेसाठी काढणारे बरेच आहेत. आणि ते थोपटायचं सोडू नका, कुठल्याही शॉकअपपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. रविवारी सकाळी या, आमच्या गाडीवर बसवून बघा त्यांना.

दोन_चाकं

मग मित्राची ड्यूकही घेऊन येतो. एकाच रस्त्यावर एकाच दिवशी बसल्या तरच खरं कळेल.

मोशीकर

मंडळी, आधी मनापासून आभार. रविवारी गेलो होतो, सविस्तर लिहितो.

तेलकट_हात दादाही आले, हातात सी-स्पॅनर (प्रीलोड फिरवायचा आकड्यासारखा पाना) घेऊन. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवल्या, त्यात एक खणलेला पट्टा आणि पाच स्पीडब्रेकर होते. आधी ड्यूक. बायको चढतानाच थबकली, पाय वरून टाकताना तिला माझा खांदा धरावा लागला. बसल्यावर म्हणाली, "रस्ता छान दिसतो." पहिल्या ब्रेकला ती माझ्या पाठीवर आली, दुसऱ्याला स्वतःला सावरायला टाकीवर हात टेकवला. खड्ड्यांतून गाडी मात्र फार सुरेख गेली, हे कबूल करतो. मला हँडलवर काही जाणवलंच नाही. उतरल्यावर तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि काही बोलली नाही. सोळा वर्षांच्या संसारात त्याचा अर्थ मला कळतो.

मग स्पीड. चढणं सोपं गेलं. ब्रेकला घसरली नाही. पण दुसऱ्या स्पीडब्रेकरला मागून ठक्क असा आवाज आला आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं. मला वाटलं, संपलं, दोन्ही गेल्या. दादांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, गुडघ्यावर बसून प्रीलोड दोन खाचा वाढवला. पुन्हा तोच स्पीडब्रेकर, तोच वेग. या वेळी ठक्क नाही. गाडी वर आली, खाली बसली, बस. मी मागे वळून पाहिलं तर ती मागच्या_सीटवरून ताईंना हात हलवत होती.

नंतर ताई आणि ती दोघी गाडीपाशी उभ्या राहून पंधरा मिनिटं बोलत होत्या, काय ते मला सांगितलेलं नाही. घरी येताना पल्सरवर बसली आणि म्हणाली, "गोल दिव्याची घेऊ. पण थांबे मी ठरवणार."

तर स्पीड ४०० ठरली. ड्यूक मनातून जायला वेळ लागेल, खोटं कशाला बोलू. पैसे उरतात त्यातून तिच्यासाठी चांगलं हेल्मेट आणि कमरेला आधार देणारा पट्टा घेतोय, पट्टा डॉक्टरांना विचारूनच.

आता उरलेले दोन प्रश्न. एक, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चेनला तेल द्यायचं तर मागचं चाक उचलावं लागेल, आणि मेन स्टँड नाही. पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारं सुटं स्टँड) घेतलेलं कुणी आहे का, एकट्याने लावता येतं का? दोन, दादांसारखा सी-स्पॅनर भोसरीत कुठल्या दुकानात मिळेल? गावाला निघायच्या आदल्या रात्री मलाच फिरवायचा आहे.

तेलकट_हात

स्पॅनर विकत घेऊ नका, माझ्याकडे जादा आहे. गाडी आली की पहिल्यांदा गॅरेजवर आणा, खाचा मोजायला शिकवतो. वहिनींना घेऊन या, त्यांचं वजन धरूनच सेट करायचंय.