सेमाग्लुटाइडची गोळी, थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा: क्रम कसा लावायचा?

गोरेगावकर: आईला मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडची गोळी सुरू झाली आहे, सध्या ७ मिग्रॅ. थायरॉइडची गोळी जुनीच. दोन्ही उपाशीपोटी घ्यायच्या, आणि तिला उठल्याबरोबर तांब्याभर पाणी, मग चहा लागतो. दोन्ही एकदमच घेतल्या तर चालतील का? शिवाय इंजेक्शन आठवड्याला ०.५ मिग्रॅ आणि गोळी रोज १४ मिग्रॅपर्यंत, एवढा फरक का?

परळ_फार्मा: आधी फरकाचं कारण. जेवणातली प्रथिनं पेप्सिन आणि ट्रिप्सिन ही पाचक द्रव्यं तोडतात. लहान आतडं सुटी अमिनो आम्लं किंवा दोन-तीन आम्लांचे तुकडेच आत घेतं. सेमाग्लुटाइड ही ३१ अमिनो आम्लांची साखळी, अख्खी राहिली तरच उपयोगाची. पोटाला मात्र ती डाळीतल्या प्रथिनासारखीच. म्हणून गोळीत स्नॅक (SNAC) नावाचं ३०० मिग्रॅ सहायक द्रव्य घालतात. गोळी जठराच्या भिंतीशी विरघळते, तेवढ्याच जागेतली आम्लता उतरते, पेप्सिन मंदावतं आणि औषध आतड्यातून नाही, जठरातूनच रक्तात जातं. तरीही पोचतं जेमतेम ०.४ ते १ टक्का. रोजचे १४ म्हणजे आठवड्याचे ९८ मिग्रॅ, आणि परिणाम ०.५ मिग्रॅच्या इंजेक्शनच्या आसपास!

तांब्याभर पाण्याने नेमकं इथेच बिघडतं: स्नॅक पातळ होऊन पांगतं. अर्धा ग्लास, १२० मिली, ही कमाल मर्यादा. एक-दोन घोट उत्तम. गोळी तोडायची, चावायची नाही.

अंधेरी_एमडी: एकत्र नकोच. सेमाग्लुटाइडनंतर किमान ३० मिनिटं अन्न, चहा, दुसरी गोळी काही नाही. ६ वाजता सेमाग्लुटाइड, ६:३० ला थायरॉक्सिन (म्हणजे थायरॉइडची गोळी), ७:३० ला चहा. एवढं थांबवत नसेल तर थायरॉक्सिन रात्री जेवणानंतर ३ तासांनी घेता येतं, पण डॉक्टरांना विचारून. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉक्सिनपासून ४ तास लांब.

याकडे फार दुर्लक्ष होतं: सेमाग्लुटाइडच्या गोळीमुळे शरीरात शोषलं जाणारं थायरॉक्सिन सुमारे ३३ टक्के वाढू शकतं. काही आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) करून घ्या. छातीत धडधड किंवा हात थरथरणं जाणवलं तर लगेच.

गोरेगावकर: एखादा दिवस चुकला तर? आणि आठवड्याच्या डब्यात गोळ्या काढून ठेवू का?

परळ_फार्मा: डबा नको. सेमाग्लुटाइडची गोळी ओल धरते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर फारच. घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा. चुकली तर त्या दिवशीची सोडून द्या. रक्तातलं औषध निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे एका दिवसाने मोठी घट होत नाही. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, मळमळ-उलट्या वाढतील.