विद्यापीठातील खेळ आणि खेळाडूंसाठी लोकवर्गणी: निधी कसा उभारावा आणि कसा वाटावा?

धागाकर्ती

नमस्कार. आमच्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने माजी विद्यार्थी, परिसरातील रहिवासी आणि सध्याचे विद्यार्थी यांच्याकडून निधी उभारण्याचे ठरवले असून त्यासाठीच्या समितीवर माझी नेमणूक झाली आहे. विभागाला तीन गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत: संघांचा प्रवासखर्च व उपचार, आर्थिक अडचणीतील खेळाडूंना शिष्यवृत्ती, आणि कोणत्याही संघात नसलेल्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी खेळता यावे म्हणून मैदानावर दिवे. सर्वांसाठी मिळून एकच आवाहन करावे की वेगवेगळी, मोठ्या देणगीदारांना आधी भेटावे की लहान वर्गण्यांपासून सुरुवात करावी, आणि जमलेल्या पैशांचे वाटप कोणी व कोणत्या नियमाने करावे, याबद्दल हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. सगळा निधी एक-दोन नावाजलेल्या संघांकडे वळेल आणि नुसते हौसेने खेळणारे विद्यार्थी कोरडेच राहतील, ही माझी सर्वांत मोठी चिंता आहे.

प्रतिसाद: निधी संकलनाचे काम पाहणारा

आवाहने वेगवेगळीच करावीत. ‘खेळाला मदत करा’ असे म्हटले की ऐकणारा मान डोलावतो आणि पुढे जातो, कारण आपले पैसे नेमके कशाला लागणार, हे त्याला कळलेले नसते. शिवाय आपल्या तीन गरजांचा स्वभावच निराळा आहे. दिवे एकदाच लावायचे आहेत, प्रवासखर्च दर हंगामात उभा राहतो आणि शिष्यवृत्ती एकदा सुरू केली की मध्येच थांबवता येत नाही.

दिव्यांसाठी परिसरातील लोकांकडे जावे, मात्र त्याआधी विद्यापीठाकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: ठरावीक वेळी मैदान रहिवाशांनाही खुले राहील. जो माणूस संध्याकाळी त्याच मैदानाभोवती चालणार आहे किंवा ज्याची मुले तिथे खेळणार आहेत, त्याला फार समजावून सांगावे लागत नाही. दिव्यांचे वीजबिल आणि देखभाल कोण करणार, हेही त्याच पत्रात लिहून घ्यावे. वर्गणीतून उभारलेल्या सोयी बहुधा याच मुद्द्यावर बंद पडतात.

शिष्यवृत्तीसाठी अनेकांच्या मनात कायम निधीची कल्पना असते, म्हणजे मुद्दल राखून केवळ उत्पन्नातून मदत द्यायची. कल्पना चांगली आहे, पण तिचे गणित आधी मांडून पाहावे. असे निधी दरवर्षी साधारणपणे 4 ते 5 टक्केच खर्च करतात, जेणेकरून महागाईत मुद्दलाचे मोल घटू नये. याचा अर्थ एका खेळाडूच्या वार्षिक मदतीसाठी तिच्या 20 ते 25 पट रक्कम आधी जमवावी लागेल. नव्या समितीने हे ओझे पहिल्याच वर्षी उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ‘एका खेळाडूची पदवी पूर्ण होईपर्यंत दरवर्षी इतकी रक्कम देईन’ असे लेखी वचन देणारे माजी खेळाडू शोधावेत, आणि एखाद्याला वचन पाळता आले नाही तर उणीव भरून काढण्यासाठी थोडी राखीव रक्कम बाजूला ठेवावी.

क्रमाबद्दल विचारले आहे. जाहीर आवाहनापूर्वी समितीच्या सदस्यांनी आणि जवळच्या माजी खेळाडूंनी स्वतःच्या देणग्या नोंदवाव्यात, आणि उद्दिष्टाचा ठळक हिस्सा जमल्यावरच लोकांसमोर जावे. रिकाम्या यादीवर पहिले नाव घालायला कोणीच धजावत नाही. मोठ्या देणगीदाराची तयारी असेल तर त्याच्याकडून जुळणीचे वचन घ्यावे, म्हणजे इतरांनी जितके दिले तितकेच तो घालेल. त्यामुळे लहान वर्गणीदारालाही आपल्या खारीच्या वाट्याचे वजन जाणवते.

प्रतिसाद: माजी नौकानयनपटू

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. लहान वर्गण्यांबद्दल थोडी भर घालतो. आमच्या क्लबने वल्हवण्याचे यंत्र भर चौकात ठेवून आळीपाळीने दिवसभर वल्हवण्याचा उपक्रम केला होता. यंत्राच्या पडद्यावरचे मीटर शेजारच्या फळ्यावर खडूने लिहिले जात आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘नव्या वल्ह्यांसाठी’ एवढेच शब्द होते. थांबून पाहणाऱ्याला आम्ही आधी यंत्रावर बसवत असू. चार-दोन ओढी मारून धाप लागलेला माणूस खाली उतरला की तो स्वतःहून वल्ह्यांची चौकशी करायचा, आणि मग वही पुढे करणे सोपे जायचे. पैसे डब्यात पडले तरी प्रत्येकाचे नाव आणि संपर्क वहीत लिहिला जाईल, याची काळजी घ्या. पुढच्या वर्षी तीच वही सर्वांत जास्त उपयोगी पडते.

खेळाडूने सामान्य माणसाकडे थेट जाऊन किती मोठे काम उभे करता येते, याचे उदाहरण टेरी फॉक्सचे आहे. सायमन फ्रेझर विद्यापीठात बास्केटबॉल खेळणाऱ्या या तरुणाने हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गमावला आणि 1980 साली, कर्करोगाच्या संशोधनासाठी, तो कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला. आजार उलटल्याने त्याला थांबावे लागले तेव्हा 143 दिवसांत 5,373 किलोमीटर अंतर कापून झाले होते. सुरुवातीला अनेक ठिकाणी प्रतिसाद थंड होता. सुमारे 10,000 वस्तीच्या पोर्ट ओ बास्क या गावाने मात्र 10,000 डॉलरहून अधिक रक्कम दिली, आणि पुढे प्रत्येक देशवासीयाकडून एक डॉलर हीच त्याची मागणी झाली. त्याच्या नावाने 1981 पासून होणाऱ्या वार्षिक धावेला प्रवेशशुल्क नाही आणि तिच्यात स्पर्धाही नाही. आपल्या उपक्रमात हौशी विद्यार्थ्यांना सामावून घ्यायचे असेल तर ही रचना जरूर अभ्यासावी, कारण मंद चालणाराही तिथे धावणाऱ्याइतकाच निधी आणू शकतो.

प्रतिसाद: महिला संघाची प्रशिक्षक

धागाकर्तीची चिंता रास्त आहे. देणगीदार बहुधा स्वतः जो खेळ खेळले त्यालाच देतात, आणि जुन्या पिढीत संघ बहुतांशी पुरुषांचेच असल्याने पैसाही तिकडेच जातो. देणगीदाराच्या इच्छेपुढे आपण काय करणार, असे म्हणून समित्या हात झटकतात. ते मला मान्य नाही. अमेरिकेत शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 1972 च्या टायटल नाइन कायद्याखाली, सरकारी साहाय्य घेणाऱ्या विद्यापीठाची समान सोयी देण्याची जबाबदारी खासगी देणगीमुळे सुटत नाही. माजी खेळाडूंनी पुरुष संघाला उत्तम साहित्य दिले, तर महिला संघाला समतुल्य लाभ मिळतील हे विद्यापीठालाच पाहावे लागते. आपल्याकडे तसे बंधन असो वा नसो, समितीने स्वतःसाठी हा नियम लिहून घ्यावा.

त्यासाठी साधा मार्ग असा: एखाद्या विशिष्ट खेळासाठी किंवा संघासाठी दिलेल्या प्रत्येक देणगीचा ठरावीक हिस्सा सर्वसाधारण क्रीडा निधीत जाईल, हे आवाहनपत्रातच छापावे. आधी सांगितले तर कोणी क्वचितच हरकत घेते. नंतर कापून घेतले तर विश्वास जातो. या सर्वसाधारण निधीतून हौशी गट, अपंग विद्यार्थ्यांसाठीचे साहित्य आणि कोणीच वाली नसलेले खेळ यांना प्राधान्य द्यावे.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत. एखाद्या देणगीदाराला ठरावीक खेळाडूलाच थेट मदत करायची असेल तर ती स्वीकारावी का? आणि आवाहनात खेळाडूंच्या घरच्या परिस्थितीचे वर्णन करावे, असा आग्रह समितीतील काही सदस्य धरत आहेत. त्याबद्दल आपले मत काय?

प्रतिसाद: शिष्यवृत्तीवर शिकलेला धावपटू

देणगीदाराकडून खेळाडूला थेट मदत शक्यतो टाळावी आणि प्रत्येक खेळाच्या संघटनेचे पात्रतेचे नियम आधी वाचावेत. अमेरिकी विद्यापीठांच्या ‘एनसीएए’ या संघटनेत 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छायाचित्र यांच्या व्यावसायिक वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वी चाहत्याकडून घेतलेली मदत खेळाडूची पात्रता घालवू शकत असे. मुभा मिळाल्यावर देणगीदारांचे गट उभे राहिले आणि पैशांचा मोठा ओघ मोजक्याच खेळांकडे व मोजक्याच नावांकडे वळला. म्हणून देणगी निधीला यावी आणि निवड समितीने करावी. त्या समितीत संघाचा प्रशिक्षक नसावा, कारण मदत हातात असलेल्या प्रशिक्षकाला दुखत असतानाही खेळाडू ‘नाही’ म्हणू शकत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मी कळकळीने सांगतो की, कोणाच्याही घरची हलाखी पत्रकावर छापू नका. ज्या मुलीचे छायाचित्र आणि दारिद्र्य विद्यापीठाच्या भिंतीवर लागते, तिला त्याच भिंतीसमोरून रोज वर्गात जायचे असते. गरजेचे वर्णन वस्तूंमधून पुरेसे होते. लांब पल्ल्याच्या धावपटूचे बूट काहीशे किलोमीटरनंतर झिजतात, तळव्याखालचा फेस दबतो आणि नडगी दुखू लागते. सराव नियमित असेल तर वर्षात एकाहून अधिक जोड लागतात. एवढे लिहून बाजूला झिजलेल्या बुटाचे छायाचित्र द्यावे. माझ्या वेळी मदतीचा अर्ज बंद पाकिटात घेतला जाई आणि संघात कोणाला मदत मिळते हे कोणालाच ठाऊक नसे. मला ती शिष्यवृत्ती निःसंकोच घेता आली ती याच कारणामुळे.

शेवटी एक कलम नियमावलीत अवश्य घालावे. दुखापत झाली किंवा संघातून नाव वगळले गेले, तरी चालू शैक्षणिक वर्षाची मदत बंद होणार नाही, आणि दुखापतीच्या काळात त्यातून फिजिओथेरपीचा खर्च करता येईल. देणगीदारांना पाठवायच्या वार्षिक अहवालात पदकांबरोबरच किती खेळाडूंनी पदवी पूर्ण केली आणि किती जण दुखापतीनंतर पुन्हा मैदानावर आले, याचीही नोंद ठेवावी. आवश्यकता असल्यास अशा नियमावलीचा मसुदा लिहून देण्यास मी तयार आहे.