मदत हवी आहे: ऑटिस्टिक मुलासाठी सोशल स्किल्स ग्रुप कसा पारखायचा?

नमस्कार, मुलगा १४ वर्षांचा, नववीत, ऑटिझम आहे. बोलतो छान, पण एसटी म्हणजे जीव की प्राण, कुठल्या डेपोची गाडी किती वाजता सुटते सगळं तोंडपाठ, आणि समोरचा कंटाळलाय हे पटकन लक्षात येत नाही. मध्यंतरी जेवताना म्हणाला, "आई, वर्गात सगळ्यांचे ग्रुप आहेत, माझा कुठला?" तेव्हापासून मी पुण्यात असा, मुलांना मैत्री करायला शिकवणारा ग्रुप शोधतेय.

एका सेंटरला डेमोला गेलो. आठ मुलं, सगळ्यात लहान नऊ वर्षांचा, मोठा सतराचा. पालक बाहेर. तासभर काय, तर डोळ्यात बघून बोल, हात हलवू नको, एसटीचा विषय काढायचा नाही. मॅडम म्हणाल्या खूप कोऑपरेट केलं त्याने. घरी आल्यावर पोरगं लाईट बंद करून दोन तास पांघरुणात, रात्री जेवलाही नाही. मला त्याला मित्र मिळायला हवाय हो, तो चारचौघांसारखा दिसावा म्हणून नाही पाठवायचंय.

मग वाचत बसले. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात लॉगेसन आणि फ्रँकेल यांनी टीनएजर्ससाठी बसवलेला पीअर्स प्रोग्रॅम आहे, साधारण १४ आठवड्यांचा, दर आठवड्याला ९० मिनिटं, त्याच वेळी आईवडिलांचा वेगळा ग्रुप, आणि गृहपाठ म्हणजे कुणाला तरी खरंच फोन करायचा, घरी बोलवायचं. गप्पा मारताना दोघांना आवडणारं काय आहे ते शोधायचं हा त्यातला भाग मला फार पटला, कारण त्यात एसटी पुरून टाकावी लागत नाही. पण २०१२ साली कॉक्रेनने (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) अशा ग्रुपांचा आढावा घेतला तेव्हा जेमतेम ५ शास्त्रीय चाचण्या सापडल्या, मिळून १९६ जण, सगळं अमेरिकेतलं. फरक दिसला होता, पण मुलगा ग्रुपला जातोय हे माहीत असलेल्या आईवडिलांनाच विचारलं तर त्यांना थोडा फरक दिसणारच ना. म्हणून पालक खूश आहेत असं सेंटरवाले सांगतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं की कोर्स संपल्यावर यातली किती मुलं एकमेकांना भेटतात?

तर ज्यांनी मुलांना पाठवलंय त्यांनी प्लीज सांगा. एक दिवस आत बसून बघू देतात का? शिकवणाऱ्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी नंबर विचारला तर राग येतो का? नको झालं तर मुलाला उठून बाहेर जाता येतं का, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आणि मराठीतून चालणारा ग्रुप आहे का कुठे? वर्गातली टिंगल, "ए भावा" सगळं मराठीत आणि हे शिकवतात इंग्लिशमधून, ते वापरणार कुठे तो. निरामय (ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) कार्ड आहे आमचं, त्यात ग्रुप सेशनचं बिल कोणाला पास झालंय का?

अजून एक. पुण्यात कोणाचं १३ ते १६ मधलं एसटीवेडं किंवा रेल्वेवेडं पोर असेल, ऑटिस्टिक असो नसो, तर व्यनि (खाजगी मेसेज) करा. रविवारी सकाळी आम्ही स्वारगेटला गाड्या बघायला जातो, सोबत आलात तर त्याला खूप आवडेल.