मदत हवी आहे: डिम बदलला तरी त्याच स्लॉटवर ईसीसी एरर, सर्व्हर आपोआप रीबूट होतोय

२यू रॅक सर्व्हर आहे. दोन प्रोसेसर, प्रत्येकाला मेमरीची सहा चॅनेल, ३२ जीबीचे १२ डीडीआर४ डिम (मेमरीच्या पट्ट्या), म्हणजे एकूण ३८४ जीबी. सॉकेट ३६४७ पिनांचं. वॉरंटी संपली आहे. डेटाबेसची मुख्य प्रत यावरच चालते, म्हणून जीव टांगणीला लागला आहे.

लक्षण असं, की रात्री बॅकअपचा भार आला की मशीन मध्येच रीबूट होतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही, ओळ अर्धवट तुटलेली असते. बीएमसीतून (सर्व्हरवर वेगळी नजर ठेवणारी बोर्डावरची चिप) सिस्टिम इव्हेंट लॉग काढला तेव्हा कुठे धागा हाती आला: आधी ओळीने 'करेक्टेबल ईसीसी' (ईसीसी म्हणजे मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी सोय, ही दुरुस्त झालेली चूक), सगळ्या दुसऱ्या प्रोसेसरच्या डी चॅनेलवरच्या डिमच्या नावाने, आणि रीबूटच्या क्षणी त्याच नावाने 'अनकरेक्टेबल ईसीसी', म्हणजे दुरुस्त न होणारी चूक. पुढच्या पॅनेलवरचा दिवाही पिवळा झाला आहे.

आतापर्यंत केलेले उपाय: तो डिम काढून त्याच पार्ट नंबरचा दुसरा लावला, एरर पुन्हा त्याच स्लॉटवर. काढलेला डिम दुसऱ्या सर्व्हरमध्ये लावला, तिथे तो मुकाट चालतो आहे. बायोस आणि बीएमसीचं फर्मवेअर अद्ययावत केलं. मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक दाखवली नाही. दोन्ही पॉवर सप्लाय आळीपाळीने काढून पाहिले, फरक नाही. पंखे फिरतायत, डिमचं तापमान बीएमसीत ६० अंशांच्या आत दिसतं.

सगळे म्हणतायत मदरबोर्ड बदला. बोर्ड की प्रोसेसर, हे सुटे भाग विकत न घेता ठरवता येईल का?

प्रतिसाद १

बोर्डाची ऑर्डर थांबवा. लॉगमध्ये डिमचं नाव आलं म्हणजे डिम खराब, असं नसतं. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो. त्या चॅनेलवरून आलेला डेटा जुळला नाही, एवढंच त्याला कळतं, आणि त्या चॅनेलवर जो डिम आहे त्याचं नाव तो लिहून मोकळा होतो. प्रोसेसरपासून डिमपर्यंतच्या वाटेत सॉकेटच्या पिना, बोर्डावरचे ट्रेस (तांब्याच्या बारीक रेषा) आणि स्लॉटचे संपर्क येतात. यातलं काहीही बिघडलं तरी लॉगमधली ओळ अगदी तीच दिसते.

तुम्ही डिम बदलून अर्धं काम केलंच आहे. बिघाड डिमबरोबर गेला नाही, जागेवरच राहिला. आता हाच प्रयोग प्रोसेसरवर करा, दोघांची अदलाबदल करा. एरर पहिल्या सॉकेटच्या डी चॅनेलवर गेला तर प्रोसेसरचा कंट्रोलर गेला. दुसऱ्याच सॉकेटवर राहिला तर सॉकेट किंवा बोर्ड. तिसरीही शक्यता आहे आणि ती विसरू नका: एरर दोन्हीकडून नाहीसा होईल. तसं झालं तर दोष संपर्काचा होता, कारण अदलाबदल करताना दोन्ही प्रोसेसर नव्याने बसतात.

प्रतिसाद २

मेमटेस्टचा निकाल डोक्यातून काढून टाका. ईसीसी डिममध्ये ६४ बिट डेटामागे ८ बिट जास्तीचे असतात. एक बिट उलटला तर कंट्रोलर तो दुरुस्त करूनच पुढे देतो, दोन उलटले तर निदान ओळखतो. त्यामुळे कंट्रोलरचे एरर रजिस्टर वाचता येत नसतील तर दुरुस्त झालेल्या चुका मेमटेस्टला दिसतच नाहीत. शिवाय बॅकअपच्या वेळी डिस्क, नेटवर्क आणि सगळे कोर एकदम धावतात, मेमटेस्ट तसा भार टाकत नाही.

लिनक्स असेल तर रासडीमन (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा प्रोग्राम) चालू ठेवा आणि मेमरीवर भार टाकणारं, गूगलने मुक्त केलेलं स्ट्रेसॲपटेस्ट तासन्‌तास चालवा. एक सावधगिरी: लिनक्सच्या ईडीएसीत (मेमरीच्या चुका कळवणारा कर्नलचा भाग) दिसणारं डिमचं लेबल आणि बोर्डावर छापलेलं लेबल जुळेलच असं नाही. लेबलं भरून ठेवली नसतील तर चुकीचा डिम उपसला जातो. आणखी एक, करेक्टेबल एरर ठरावीक संख्येपलीकडे गेल्यावरच बऱ्याच बायोसमध्ये लॉगला ओळ पडते. तुमच्या एका ओळीमागे ढीगभर चुका दडलेल्या असू शकतात.

प्रतिसाद ३

एकाच चॅनेलवर एरर आहे की शेजारच्या चॅनेलवरही तुरळक दिसतो? अशा बोर्डांवर मेमरीचा व्होल्टेज रेग्युलेटर सहसा तीन-तीन चॅनेलना मिळून असतो, ए-बी-सी एक आणि डी-ई-एफ दुसरा. डी, ई, एफ तिन्हींवर चुका असतील तर रेग्युलेटर पाहायला हवा. डीडीआर४ला १.२ व्होल्ट लागतात, बीएमसीच्या सेन्सर यादीत भार असताना आणि नसतानाचं रीडिंग तुलना करून बघा.

आणि डेटाबेस आधी दुसऱ्या मशीनवर हलवा. अनकरेक्टेबल एरर येत असलेल्या मेमरीवर मुख्य प्रत ठेवू नये.

धागालेखक

डेटाबेस हलवला. ई आणि एफ चॅनेल पूर्ण स्वच्छ आहेत, व्होल्टेज भार असतानाही स्थिर. प्रोसेसर काढायचा म्हणजे आधी काय बघू? या सॉकेटला मी हात लावलेला नाही. मागे देखभालीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने थर्मल पेस्ट बदलली होती, एवढं माहीत आहे.

प्रतिसाद १

पेस्ट बदलली होती, ही महत्त्वाची माहिती आहे. या सॉकेटमध्ये पिना सॉकेटवर असतात आणि प्रोसेसरच्या पोटाला नुसते सोनेरी पॅड. सगळा संपर्क हीटसिंकच्या दाबावर टिकलेला असतो. दाब एका बाजूला कमी पडला तर एखादं मेमरी चॅनेल पूर्ण गायब होतं किंवा तुमच्यासारखं कधी धड, कधी बिघडलेलं वागतं.

दोन्ही पॉवर केबल काढा, मनगटाला ईएसडी पट्टा (अंगावरची स्थिर वीज काढून टाकणारा) बांधा. टी-३० बिट लागेल. हीटसिंकच्या लेबलवर स्क्रूंचे क्रमांक छापलेले असतात. घट्ट करताना त्या क्रमाने, काढताना उलट क्रमाने. काढतानाच लक्ष ठेवा, एखादा स्क्रू बाकीच्यांपेक्षा सैल सुटतोय का. प्रोसेसर हीटसिंकला चिकटून एकत्रच वर येईल, त्याला ओढून वेगळा करण्याची घाई नको. मग तिरपा प्रकाश टाकून सॉकेट पाहा. सरळ पिनांच्या ओळी एकसारख्या चमकतात, वाकलेली पिन त्यात लगेच वेगळी दिसते. पॅडवर पेस्टचा डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. सॉकेटच्या पिनांना कापड अजिबात लावू नका, एक धागा अडकला तरी पिन वाकते. परत बसवताना टॉर्क (स्क्रू आवळण्याचा जोर) मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच.

धागालेखक

दुसऱ्या प्रोसेसरच्या हीटसिंकचा एक स्क्रू बोटाच्या हलक्या जोरानेच सुटला, बाकीचे तीन व्यवस्थित घट्ट होते. पिना सगळ्या सरळ. पॅडवर एका कडेला पेस्टचा पातळ, राखाडी थर होता. तो पुसला, प्रोसेसरची अदलाबदल केली, नवी पेस्ट लावली आणि टॉर्क पाना मागवून स्क्रू क्रमाने आवळले. लॉग आधी जपून ठेवला आणि मग रिकामा केला.

स्ट्रेसॲपटेस्ट आणि बॅकअपचा खोटा भार दोन्ही चालू ठेवले. बीएमसीत एकही ओळ नाही, रासडीमनमध्ये शून्य. दिवा निळा झाला आहे. तुम्ही सांगितलेली तिसरी शक्यता खरी ठरलेली दिसते. सैल स्क्रू की पेस्ट, हे मला वेगळं करता येत नाही. अशा मशीनवर डेटाबेस परत आणावा का?

प्रतिसाद २

लगेच नको. डीडीआर४मध्ये पोस्ट पॅकेज रिपेअर नावाची सोय असते. बायोसमध्ये ती चालू असेल तर रीबूटच्या वेळी चिपमधली बिघडलेली ओळ कायमची राखीव ओळीने बदलली जाते. तुमच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या डिमवर तोच एरर आला होता, म्हणून तो संशय कमी आहे, पण बायोसच्या लॉगमध्ये तशी नोंद नाही ना, तेवढं पाहून घ्या.

प्रतिसाद १

सध्या तिथे फक्त रेप्लिका (डेटाबेसची दुय्यम प्रत) चालवा, म्हणजे खरा भार पडेल आणि मशीन पडलं तरी नुकसान नाही. करेक्टेबल ईसीसीची पहिली ओळ पडताच मेल येईल असा इशारा बीएमसीत लावा. महिनाअखेरचं मोठं बॅकअप त्या रेप्लिकेवरून काढा. तोपर्यंत लॉग कोरा राहिला तर मुख्य प्रत परत आणायला माझी हरकत नसेल. दुसऱ्या सॉकेटच्या डी चॅनेलवर पुन्हा ओळ पडली, तर मात्र बोर्ड बदला. तेव्हा प्रोसेसर आणि डिम दोन्ही संशयातून सुटलेले असतील.

धागालेखक

रिपेअरची नोंद नाही, आत्ताच पाहिलं. रेप्लिका चढवतोय, इशारा लावला आहे. ओळ पडली तर इथे लिहीनच. तिघांचेही मनापासून आभार.